जसा, जणू, नव्हेच: लिहिताना अलंकार कसे वापरावेत

जून उजाडला की मराठी वर्तमानपत्रांतला पाऊस माणसासारखा वागू लागतो. आधी हुलकावणी देतो, मग दडी मारतो, कुठेतरी हजेरी लावतो, दोन दिवस विश्रांती घेतो, दमदार पुनरागमन करतो आणि शेवटी धुमाकूळ घालतो. निर्जीव गोष्ट माणसासारखी वागते असं दाखवलं की ती चेतनगुणोक्ती, हे शाळेत आपण पाठ केलं होतं. परीक्षा संपली, नाव विसरलो, वापर मात्र चालूच राहिला.

‘पावसाने हजेरी लावली’ असं ज्याने पहिल्यांदा लिहिलं असेल त्याच्या डोळ्यांपुढे उशिरा वर्गात शिरणारा पोरगा नक्की असणार. आज ते वाचताना कोणालाच पोरगा दिसत नाही. पाऊस पाच मिलिमीटर पडला की पन्नास, तेही कळत नाही. आता शेतकऱ्याच्या तोंडचं ‘पावसाने ओढ दिली’ बघा. तीही चेतनगुणोक्तीच. पण त्यातून कळतं की पाऊस यायला हवा होता, आलेला नाही, आणि रानात काहीतरी अडून बसलंय. पहिल्या वाक्यातला अलंकार नुसता बसून आहे, दुसऱ्यातला राबतोय. ‘मुसळधार’ तर याहून पुढे गेला. धार मुसळाएवढी, ही मूळची उपमाच. पण आता हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, असा तिचा हिशेब ठरलेला आहे.

अलंकारांची यादी पाठ करून कोणाचं लिखाण सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. यादी आहेही लांबलचक. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक, यमक. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत येताना ते शंभराच्या वर गेले. शालेय व्याकरणाच्या पुस्तकांनी त्यातले निवडक ठेवले आणि दोन गठ्ठे केले: नादावर, शब्दावर चालणारे ते शब्दालंकार आणि अर्थावर चालणारे ते अर्थालंकार. लिहिणाऱ्याला यातून एकच गोष्ट घ्यायची आहे. प्रत्येक अर्थालंकार म्हणजे दाव्याची एक पायरी असते. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे कळलं, की कोणता अलंकार घ्यायचा ते आपोआप ठरतं.

एक रस्ता, एक तवा

मे महिना, चंद्रपूर, दुपारचे दोन. डांबरी रस्ता. एवढंच साहित्य घेऊ.

‘रस्ता तव्यासारखा तापला होता.’ ही उपमा. व्याकरणात तिचे चार भाग सांगतात. ज्याच्याविषयी बोलायचं ते उपमेय (रस्ता), ज्याच्याशी तुलना ते उपमान (तवा), दोघांत सारखं काय तो साधारणधर्म (तापणं), आणि दोघांना जोडणारा शब्द (सारखा). रस्ता रस्ताच आहे, तवा तवाच आहे, दोघांचं एका बाबतीत जमतं, एवढाच दावा. लेखात, बातमीत, समजावून सांगताना उपमा सगळ्यांत सुरक्षित, कारण ती खोटं बोलत नाही.

‘उन्हाने रस्ता भाजायलाच घेतला होता जणू.’ ही उत्प्रेक्षा. ‘जणू’, ‘वाटे’, ‘भासे’ हे शब्द दिसले की उत्प्रेक्षा, असं परीक्षेपुरतं शिकवतात, पण तिची खरी ताकद कारण कल्पिण्यात आहे. ऊन मुद्दाम काही भाजत नसतं हे लिहिणाऱ्याला माहीत आहे, वाचणाऱ्यालाही. तरी क्षणभर दोघं तसं समजायला तयार होतात. हा करार मोडतो तो ‘जणू’ला ‘काही’ची जोड लावून प्रत्येक परिच्छेदात वापरल्यावर. ‘जणू काही’ ही जोडी दिसली की मी आधी ती खोडून बघतो. वाक्य नव्वद टक्के वेळा उभं राहतं.

‘रस्त्याच्या तव्यावरून आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो.’ हे रूपक. सारखेपणा संपला, दोन्ही एकच झाले. इथे वाचकाला विचार करायला वेळ दिलेला नाही. त्याचा पाय थेट तव्यावर पडतो. आणखी पुढे जाऊन ‘तव्यावरून चालत स्टँड गाठलं’ असं म्हटलं तर रस्ता वाक्यातून गायबच होतो. जुने शास्त्रकार याला रूपक न म्हणता अतिशयोक्तीचा एक प्रकार मानत. नावाचा वाद त्यांच्यापाशी ठेवू, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे: उपमेय जितकं दडवाल, तितका दावा चढतो.

‘रस्ता कसला, तवाच तो!’ इथे नुसतं एकरूप करून भागलेलं नाही, रस्त्याचं रस्तेपणच नाकारलंय. ही अपन्हुती. ‘हा रस्ता म्हणावा की तवा?’ असं अडखळलो तर ससंदेह. ‘तवा परवडला, पण हा रस्ता नको’ म्हणजे व्यतिरेक: उपमेयाने उपमानालाच मागे टाकलं. आणि तुलना करून करून हात टेकले की ‘चंद्रपूरचं ऊन म्हणजे चंद्रपूरचंच ऊन’. हा अनन्वय, दुसरं उपमान मिळतच नाही अशी कबुली.

याच रस्त्यावर एक अलंकार निसर्ग स्वतःच तयार करतो. लांबवर डांबरावर पाणी साचलेलं दिसतं आणि स्कूटरवाला वेग कमी करतो. पाणी नसतंच. खरोखर चूक होते आणि त्या चुकीपोटी कृतीही होते, म्हणून हा भ्रांतिमान. ससंदेहात माणूस दोन्हींच्या मध्ये लटकतो; भ्रांतिमानात तो फसलेला असतो. कथा लिहिणाऱ्यांना हा फरक फार उपयोगी पडतो, कारण फसलेलं पात्र ब्रेक दाबतं, लटकलेलं पात्र नुसतं बघत राहतं.

अपन्हुतीबद्दल एक तक्रार नोंदवून पुढे जातो. सध्याच्या मराठीत ती साथीसारखी पसरली आहे. ‘हे केवळ घर नाही, ही एक भावना आहे.’ ‘हा फक्त चहा नाही, हा संवाद आहे.’ बिल्डरच्या फलकापासून गणेशोत्सवाच्या अहवालापर्यंत सगळीकडे आधी काहीतरी नाकारलं जातं. नकाराला जोर येतो तो समोरचा खरंच तसं समजत असेल तर. चहा फक्त चहा आहे असा आरोप कोणी केला होता? ज्या समजुतीला आपण खोडतोय ती वाचकाच्या मनात नसेल, तर सरळ होकारार्थी वाक्य लिहावं.

उपमानासोबत काय काय येतं

तुलना करताना आपल्याला उपमानाची एक बाजू हवी असते, पण ते सगळ्या बाजू घेऊन घरात शिरतं. एखाद्या कार्यकर्त्याला ‘आमचा सूर्य’ म्हटलं की प्रकाश येतो, चटकाही येतो, आणि संध्याकाळी मावळणंही येतं. ‘त्या अनुभवी वटवृक्षाच्या छायेत आम्ही घडलो’ असं निरोपसमारंभात म्हणतात. वडाखाली दुसरं झाड वाढत नाही, ही लोकसमजूत बोलणाऱ्याला त्या वेळी आठवत नाही, ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला हमखास आठवते.

हा धोका ओळखून काम कसं करावं, याचा नमुना जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाला तोंडपाठ आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ.स. १२९० ची. तिच्या शेवटी येणाऱ्या पसायदानात संतसज्जनांचं वर्णन आहे:

चलां कल्पतरूंचे आरव । चेतना चिंतामणींचें गांव ।
बोलते जे अर्णव । पीयूषांचे ॥
चंद्रमे जे अलांछन । मार्तंड जे तापहीन ।
ते सर्वांही सदा सज्जन । सोयरे होतु ॥

सवयीने म्हणताना हे निसटून जातं, म्हणून सावकाश वाचू. कल्पतरू मागाल ते देतो, पण तो जागचा हलत नाही. म्हणून हे चालते कल्पतरू. चिंतामणी इच्छा पुरवतो, पण तो दगड. म्हणून इथे चैतन्य असलेल्या चिंतामण्यांचं गावच. अमृताचा सागर मुका, हे बोलणारे. चंद्र शीतल, पण त्यावर डाग, हे बिनडागाचे. सूर्य तेजस्वी, पण भाजतो, हे तापहीन. पाच रूपकं, आणि प्रत्येकातून नको असलेली बाजू एका विशेषणाने छाटलेली. ‘चंद्रासारखे शीतल, सूर्यासारखे तेजस्वी’ एवढं लिहून कोणीही थांबला असता. इथे उपमान निवडून झाल्यावर त्याचा दोषही तपासला आहे.

आपल्याला चिंतामण्यांची गावं उभी करायची नसतात, पण ही तपासणी सोपी आहे. उपमान लिहिलं की त्याचे आणखी तीन गुण मनात म्हणायचे. त्यातला एखादा आपल्या मुद्द्याच्या विरुद्ध जात असेल तर एक विशेषण लावून तो कापायचा, नाहीतर उपमान बदलायचं.

बहिणाबाईंचं ढोर

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, पुस्तक त्यांच्या मागे १९५२ साली आलं. अलंकारांची नावं त्यांना माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. मनावरच्या त्यांच्या कवितेची सुरुवात अशी:

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर

‘सारखं’ नाही, ‘जणू’ नाही. मन म्हणजे ढोरच. चंचल मनाला वारा, माकड, पारा अशी उपमानं पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. ढोर तसं चंचल नसतं, उलट संथच असतं. मग जुळलं कुठे? क्रियेत. उभ्या पिकात शिरलेलं ढोर आपण हाकलतो, ते चार पावलं बाजूला होतं आणि आपली पाठ वळली की परत तिथेच. ते द्वाड नसतं, त्याला भूक असते आणि समोर हिरवं पीक असतं. हाकणाराच आधी थकतो. ज्याने राखणीला एक दुपार काढलीय त्याला मन म्हणजे काय हे यापुढे समजावून सांगावं लागत नाही. साधारणधर्म विशेषणात न शोधता क्रियापदात शोधला की उपमान असं वेगळं सापडतं.

पुढे त्याच कवितेत मन विंचवासापापेक्षा जहरी ठरतं: ‘आरे, इचू साप बरा, त्याले उतारे मंतर’. हा व्यतिरेक, आणि त्यासोबत कारणही दिलंय. साप-विंचवाला उतारा आहे, मनाला नाही. नुसतं ‘सापाहून विषारी’ म्हटलं असतं तर ती शिवी झाली असती. कारण दिल्यामुळे ते विधान झालं. मग येतं, मन एवढं एवढं, ‘जसा खाकसचा दाना’, आणि लगेच, मन केवढं केवढं, ‘आभायात बी मायेना’. खसखशीच्या दाण्याची उपमा आणि आभाळात न मावण्याची अतिशयोक्ती शेजारी शेजारी ठेवून मधला विरोध तसाच सोडून दिलाय. उपमानं मात्र सगळी शेतातली, स्वयंपाकघरातली, आभाळातली. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेलं त्यात काही नाही. ज्यांनी कधी समुद्रात होडी घातली नाही त्यांनी आपल्या आयुष्याची नौका वादळात का लोटावी, हे मला अजून कळलेलं नाही.

अतिशयोक्तीला जिना लागतो

भोंडल्यातलं दमडीचं तेल आठवा. दमडीचं तेल आणतात. सासूबाईंचं न्हाणं होतं, मामंजींची दाढी होते, भावोजींची शेंडी होते, उरलेलं झाकून ठेवतात. इथपर्यंत सगळं घरगुती, थोडं ताणलेलं. मग लांडोरीचा पाय लागतो, ओघळ वेशीपर्यंत जातो आणि त्यात उंट पोहून जातो. उंट पहिल्याच ओळीत आला असता तर कोणी हसलं नसतं. एकेक पायरी जेमतेम पटेल अशी चढवत नेली, म्हणून शेवटी उंट पचतो. ‘अभूतपूर्व’, ‘ऐतिहासिक’, ‘न भूतो न भविष्यति’ हे शब्द फसतात ते याच कारणाने: ते पहिल्याच पायरीवर गच्ची दाखवतात.

नाद: पटवतो आणि फसवतोही

शब्दालंकारांचा खरा आखाडा म्हणजे उखाणा. ‘भाजीत भाजी मेथीची, अमुकराव माझ्या प्रीतीची’ यात मेथीचा आणि प्रीतीचा काय संबंध? काही नाही. दोघींना फक्त यमकाने एकत्र बसवलंय, आणि तरी मांडवातल्या लोकांचं समाधान होतं. यमकाची ताकद हीच आहे. दोन गोष्टी एकाच आवाजात संपल्या की त्या अर्थानेही एकमेकींच्या वाटतात. ‘गरज सरो, वैद्य मरो’, ‘बळी तो कान पिळी’ या म्हणी टिकल्या त्यात अर्थाइतकाच वाटा या नादाचा. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही घोषणा लक्षात राहिली तीही त्यामुळे.

गद्य लिहिताना मात्र यमक आपोआप जुळलं तर शक्यतो मोडावं. विचार करायला लावणाऱ्या परिच्छेदात मधूनच उखाणा ऐकू आला की वाचक मुद्दा सोडून चाल धरतो. अनुप्रासाचंही तेच. शीर्षकात, घोषणेत, मुलांच्या गोष्टीत तो शोभतो. ‘समाजाच्या सर्वांगीण, सर्वसमावेशक, सशक्त समृद्धीसाठी’ असं लिहिणाऱ्याने शब्द अर्थासाठी निवडले की ‘स’साठी, हा संशय राहतोच.

श्लेषाबद्दल थोडंच. एक शब्द, दोन अर्थ, दोन्ही त्या जागी बसले पाहिजेत. ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ यात जीवन म्हणजे पाणीही आणि आयुष्यही, आणि दोन्ही खरे. एकच अर्थ बसत असेल आणि दुसरा ओढून आणावा लागत असेल तर ती कोटी, आणि पुष्कळदा फसलेली.

आडून बोलणं

मराठी घरांत पर्यायोक्ती दिवसभर चालू असते. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान रात्री बंद होत नाही, तेही वाढवतात. तुरुंगात गेलेला ‘सरकारी पाहुणचार’ घेतो. थेट शब्द अशुभ, कडू किंवा खजील करणारा असतो म्हणून आपण वळसा घालतो, आणि ऐकणाऱ्याला मूळ गोष्ट लगेच कळते. कळते म्हणूनच तो अलंकार.

वळसा घातल्यावर मूळ गोष्ट कळेनाशी झाली तर ती लपवाछपवी. ‘मनुष्यबळाची पुनर्रचना करण्यात आली’ या वाक्यात कोणी किती जणांना कामावरून काढलं ते बुडून जातं. ‘करण्यात आली’ हा प्रयोग दिसला की ‘कोणी?’ असं विचारायचं. उत्तर लिहिता येत असेल तर लिहून टाकायचं.

व्याजस्तुतीत वरून स्तुती आणि आतून निंदा असते, कधी उलटही. ‘काय वेळेवर आलात!’ हे ऐकताना आवाज आणि भुवया मदतीला असतात, कागदावर यातलं काही नसतं. म्हणून लेखात उपरोध करताना एखादा असा तपशील द्यावा लागतो की तो स्तुतीशी जुळणारच नाही: ‘काय वेळेवर आलात! पंगत उठून तासच झालाय.’ तपशील नसेल तर निम्मे वाचक खरंच अभिनंदन समजतात.

दृष्टांत आणि अर्थांतरन्यास हे मतप्रदर्शनाच्या लेखांचे लाडके. फरक लहान आहे. तुकोबांच्या ‘लहानपण दे गा देवा । मुंगी साखरेचा रवा ॥ ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार’ या ओळींत विधानाला समांतर उदाहरणं दिली आहेत, तो दृष्टांत. एखाद्या प्रसंगावरून ‘शेवटी काय, दुरून डोंगर साजरे’ असा सर्वसाधारण निष्कर्ष काढला तर अर्थांतरन्यास. दोन्ही गोष्ट पटवतात, सिद्ध करत नाहीत. बचतीवर लेख लिहिताना ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणता येतं, आणि त्याच लेखाच्या विरोधात ‘दात कोरून पोट भरत नाही’ हेही तितक्याच ठसक्यात म्हणता येतं. म्हणजे निर्णय व्याजाच्या आकड्यांनीच करावा लागणार.

आणि अलंकार नसला तर?

यावर तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी एक मजेदार वाद होऊन गेला आहे. संस्कृत साहित्यशास्त्रातल्या भामहाने एक ओळ उदाहरण म्हणून घेतली: सूर्य मावळला, चंद्र प्रकाशतोय, पक्षी घरट्याकडे निघालेत. आणि विचारलं, याला काय काव्य म्हणायचं? ही तर नुसती वार्ता. त्याच्या मते वक्रोक्ती, म्हणजे सांगण्यातला काहीतरी बाक, असल्याशिवाय अलंकार होतच नाही. त्याच परंपरेतल्या दंडीने हीच ओळ घेऊन म्हटलं, वेळ काय झाली हे सांगायचं असेल तर हीसुद्धा चांगलीच आहे.

पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने त्यातलं ‘सूर्य मावळला’ एवढंच वाक्य उचललं आणि ते कोण कोणाला म्हणतंय यावर त्याचा अर्थ कसा बदलतो हे दाखवलं. सैन्यात म्हटलं तर शत्रूवर चाल करायची वेळ झाली. मजुरांत म्हटलं तर काम थांबवा. गुराख्याला, गाई घरी आणा. बाजारात, माल आवरा. प्रवाशाला, आता ऊन लागणार नाही. वाट बघणाऱ्या बाईने म्हटलं तर, अजून आला नाही. तीच अक्षरं, एकही अलंकार नाही, आणि प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं. मी या वादात मम्मटाच्या बाजूचा आहे. प्रसंग नीट उभा केला असेल तर साधं वाक्य पुष्कळ वजन पेलतं, आणि तिथे उपमा आणली तर ती मध्येच बोलल्यासारखी होते.

आता हे सगळं एका परिच्छेदावर वापरून बघू. कांद्याच्या लिलावावर असं लिखाण वारंवार वाचायला मिळतं. हा नमुना मी तयार केलेला आहे:

‘पहाटेच्या सोनेरी किरणांत न्हाऊन निघालेल्या बाजार समितीत ट्रॅक्टरांचा महापूर आला होता. बळीराजाच्या चेहऱ्यावर चिंतेचं सावट होतं. लिलावाचा बिगुल वाजताच भावाने लोळण घेतली आणि त्याच्या स्वप्नांच्या इमल्याला सुरुंग लागला. कांद्याने शेतकऱ्याला पुन्हा एकदा रडवलं.’

चार वाक्यांत स्नान, पूर, सावली, युद्ध, लोळण, इमारत, स्फोट. एकही चित्र डोळ्यांपुढे टिकत नाही, कारण पुढचं त्याला ढकलून देतं. शेवटचा श्लेष एके काळी ताजा होता, आता तो बातमीच्या साच्यातच ओतलेला येतो. आणि कांदा कोणता, भाव किती, शेतकऱ्याने काय केलं, यातलं काही कळलं नाही. पुन्हा लिहू:

‘लिलाव सुरू व्हायच्या आधीच ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती. उन्हाळ कांदा, तीन-चार महिने चाळीत ठेवलेला. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबत होता. कोणी दोन कांदे उचलून दाबून बघे, बोली लागे, घोळका पुढे सरके. त्याच्या ट्रॉलीपाशी घोळका आला तेव्हा तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि निकालाच्या यादीत पोराचा नंबर शोधणाऱ्या बापासारखा बाजूला उभा राहिला. मिनिटभरात भाव फुटला: क्विंटलला … रुपये. चिठ्ठी खिशात घालत तो एवढंच म्हणाला, गोल्टी वेगळी काढायला पाहिजे होती.’

तुलना एकच ठेवली. निकाल बघणाऱ्या बापाचं आणि त्याचं काय जुळतं? कष्ट करून झालेत, आता हातात काही नाही, आकडा दुसऱ्याने ठरवायचा. तिन्ही गोष्टी क्रियेतल्या आहेत. ‘भाव फुटणं’ हेही रूपकच, पण ते बाजारातलं रोजचं बोलणं आहे, म्हणून हात लावला नाही. ‘गोल्टी’ म्हणजे बारीक कांदा हे समजावत बसलो नाही. वेगळी काढली असती तर बाकीच्याला बरा भाव लागला असता, हे त्याच्या वाक्यातून कळतं. त्याच्या मनात काय चाललंय तेही लिहिलं नाही. टिंबांच्या जागी त्या दिवशीचा खरा भाव बाजार समितीत विचारून घालायचा आहे. तो घातल्याशिवाय परिच्छेद छापायला देऊ नये.